चेहरे
(वर्धापनदिनी केलेलं छोटेखानी भाषण)

मंडळी, बँकेत मी तीस वर्षं अर्जावरचा फोटो आणि समोरचा माणूस ताडून पाहिला. त्यामुळं असेल, गौतम राजाध्यक्षांचं १९९७ सालचं ‘फेसेस’ अजून चाळतो. झेवियर्समध्ये रसायनशास्त्र शिकवलेले, लिंटासमध्ये जाहिराती केलेले हे गृहस्थ. दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंत सगळे त्यांच्यासमोर निर्धास्त बसले. विश्वासाशिवाय मेकअपच्या खोलीत कोण घेतो हो!

आमची ही मात्र कॅमेरा दिसला की स्वयंपाकघरात. “आता काय राहिलंय चेहऱ्यात?” म्हणायची. शेवटी हार घालायला जॉइंट खात्याचा पासपोर्ट फोटो मोठा करून आणला. डोळे मिटलेले आहेत त्यात.

आता गच्चीवर ग्रुप फोटो आहे. वहिनी, मागच्या रांगेत लपू नका.