दोन विहिरी आणि एक शास्त्र



निपाणीच्या शिवारात एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन विहिरी असतात. एकीला वैशाखातही पाणी टिकते. दुसरी शिमग्यालाच तळ दाखविते. आपण त्याला दैव म्हणतो. पृथ्वीविज्ञान त्याला कारण शोधते. या शास्त्राचा अर्थ मला येथूनच सांगावासा वाटतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस उसळला. त्याचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण बनला. तो झिजून जी काळी माती झाली, तीच निपाणीच्या तंबाखूला पोसते. हा पाषाण अंगी पाणी धरीत नाही. पाणी राहते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात. ज्या विहिरीला अशी भेग लाभली, ती भरली. दुसरी कोरडी राहिली.

बेळगावाकडे निघालो की माती तांबडी होते. पावसाने खडकातील विरघळणारी द्रव्ये वाहून नेली व लोह मागे राहिले. तोच आपला जांभा. पुढे गोकाकला घटप्रभा सुमारे १७० फूट उडी घेते, तो कडा मात्र लाव्ह्याहून कितीतरी जुन्या वालुकाश्माचा आहे. या दक्षिण महाराष्ट्र देशाच्या भूरचनेवरील रॉबर्ट ब्रूस फूट यांचा ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने १८७६ साली प्रसिद्ध केला.

परंतु केवळ खडक जाणून भागत नाही. विहिरीचे पाणी पावसाचे, पाऊस वाऱ्याचा आणि वारा समुद्रावरून येणारा. म्हणून भूशास्त्र, जलशास्त्र, हवामानशास्त्र, सागरशास्त्र ही एकाच कुटुंबातील भावंडे होत. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञ धरणाच्या जलाशयाशी जोडतात. म्हणजे भूकंपशास्त्रालाही पाण्याचा विचार करावा लागतो. भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयात २००६ पासून हवामान, सागर व भूकंप यांचा अभ्यास एकत्र आला, तो याच कारणाने योग्य ठरतो.

आज विहीर आटली की आपण कूपनलिका खोल नेतो. खोल भेगांतील पाणी सावकाश साठलेले असते. उपसा मात्र झपाट्याने होतो. एकाने खोल खणावे आणि शेजाऱ्याची विहीर आटावी, हे गावोगावी घडते. तेव्हा यंत्र आणण्यापूर्वी खडक कोणता, उतार कोणीकडे आणि पावसाचे पाणी मुरते कोठे, एवढे तरी विचारावे. पृथ्वीविज्ञानाचा पहिला धडा तोच होय. आणि तो शिकण्यास बांधापलीकडे जाण्याची गरज नाही.