नोंद झालेल्या बालकाचे पुढे काय?



सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या गावच्या अंगणवाडीसमोर आरोग्य तपासणीचे वाहन येऊन उभे राहते, तेव्हा बालकांची रांग लागते. वजन होते, उंची मोजली जाते, डोळे व कान पाहिले जातात. दोन वर्षांचे एखादे बालक अद्याप उभे राहत नाही, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या ध्यानी येते. त्याचे नाव नोंदवहीत लिहिले जाते, पुढील तपासणीची चिठ्ठी मातेच्या हाती दिली जाते आणि वाहन पुढच्या गावी जाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्यानुसार अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. दोष हुडकून काढण्याचे काम या पथकांमुळे पुष्कळ सुकर झाले आहे, यात संशय नाही. तथापि चिठ्ठी मिळालेले बालक उपचारापर्यंत पोचते काय, आणि पोचले तरी तेथे टिकते काय, हा खरा प्रश्न होय.

येथे उपचार या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, डाऊन सिंड्रोम अथवा बौद्धिक अक्षमता यांवर बाटलीतले औषध नाही. भौतिकोपचार, व्यवसायोपचार व वाचा-उपचार हे सारे सरावाचे शास्त्र आहे. मान न धरणाऱ्या बालकास पालथे निजवून त्याच्या छातीखाली चादरीची घट्ट गुंडाळी ठेवावयाची, समोर खुळखुळा धरावयाचा आणि मान वर उचलण्यास त्यास प्रवृत्त करावयाचे. हे दिवसातून अनेकदा, महिनोन्‌महिने करावयाचे असते. गुंडाळी सोलापुरी चादरीचीही चालते. महागड्या साहित्यावाचून काही अडत नाही. बोटांची पकड यावी म्हणून ज्वारीच्या दाण्यांतून तुरीचे दाणे वेगळे करण्याचा खेळही कोणत्याही घरात होऊ शकतो. मात्र मोठ्या माणसाने शेजारी बसावयास हवे. तज्ज्ञाने रीत दाखवावयाची आणि घराने ती चालवावयाची, अशी ही विभागणी आहे.

पहिली काही वर्षे यात सर्वांत मोलाची असतात. मेंदूची वाढ त्या काळात झपाट्याने होत असते व तो नवे वळण लवकर घेतो. दीड वर्षाचे मूल चालत नसेल, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये. “याचा बापही उशिराच बोलला” हे आजीचे सांत्वन प्रेमाचे खरे, परंतु त्या सांत्वनात ही वर्षे निघून जातात. न बोलणाऱ्या मुलाचे कान प्रथम तपासावेत, हेही पुष्कळदा विसरले जाते.

आता सोलापूरची परिस्थिती पाहू. करमाळा किंवा माळशिरसहून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरांहून दूर आहे. शहरात व कुंभारीच्या कामगार वसाहतीत हजारो स्त्रिया विड्या वळतात. त्यांची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. मूल घेऊन रुग्णालयात घालविलेला दिवस हा बुडालेल्या मजुरीचा दिवस असतो. दर आठवड्यास यावे, असे तिला सांगणे सोपे आहे. ती चौथ्या आठवड्यास येत नाही, तेव्हा तिला निष्काळजी म्हणणे त्याहून सोपे आहे. ऊसतोडणीच्या हंगामात टोळ्यांबरोबर हिंडणाऱ्या बालकांची गत आणखी बिकट, कारण पथक येते तेव्हा ती त्या गावी नसतात.

भाषेचाही एक पेच आहे. शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, तर अंगणवाडीत मराठी. बोलण्यास उशीर झाला की घरची भाषा बंद करण्याचा सल्ला मिळतो. तो चुकीचा आहे. दोन भाषा कानी पडल्याने वाचादोष उत्पन्न होत नाही. माता ज्या भाषेत सहज बोलते, त्याच भाषेत तिने बालकाशी भरपूर बोलावे.

महाराष्ट्रात या कार्याचा पाया संस्थांनी, त्यातही मातांनी घातला. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली एका मातेने आपल्या मुलीच्या गरजेतून सुरू केली. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापिली, तीही आपल्या कन्येच्या शिक्षणाच्या निकडीतून. कायदे मागाहून आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले व चाळीस टक्के अथवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना नजीकच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. अतितीव्र दिव्यांगत्व असल्यास घरी शिक्षण घेण्याची मुभा शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिली आहे. ही मुभा मुलाच्या सोयीसाठी आहे. शाळेच्या सोयीसाठी तिचा उपयोग होऊ नये.

हजेरीपटावर नाव असणे आणि मूल शिकणे यांत अंतर असते. विशेष शिक्षक गटातील अनेक शाळांमध्ये फिरतात. उरलेले सारे दिवस ते मूल वर्गशिक्षकाकडेच असते. त्यास पहिल्या बाकावर बसविणे, एका वेळी एकच सूचना देणे, पाठाचा लहानसा भाग ठरवून तो पक्का करून घेणे, या गोष्टींस कोणत्याही मंजुरीची गरज नाही.

पंचायत सदस्यांकडे तर निधीही आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ती वर्षअखेरीस घाईने वाटून टाकण्याचा मोह होतो. त्याऐवजी गावच्या सुताराकडून आधाराची खुर्ची करून घेता येईल, उपचाराच्या दिवशीचे भाडे देता येईल. एस.टी.च्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, परंतु त्यासाठी प्रमाणपत्र लागते. ते काढण्यासाठी मातेबरोबर ग्रामसेवक किंवा एखादा सदस्य एकदा गेला, तर तिच्या दोन खेपा वाचतील.

तपासणीचे वाहन अंगणवाडीत सहा महिन्यांनी पुन्हा येते. त्या दिवशी नवी रांग लावण्यापूर्वी सरपंच, शिक्षक व सेविका यांनी मागील खेपेची नोंदवही उघडावी आणि चिठ्ठी मिळालेल्या बालकांपैकी किती जणांचे उपचार अद्याप चालू आहेत, हे नावानिशी वाचावे.