माया आणि निर्णय
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी नवी पेठ, सोलापूर येथे झालेले भाषण)



भावनेने नैतिक निर्णय बिघडतो, असे आपण सहज म्हणून जातो. अरुणा शानबाग प्रकरणामुळे आम्हांला या समजुतीचा फेरविचार करावा लागला.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष अत्याचार झाला. मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. ही यातना संपवावी, त्यांना अन्न भरविणे थांबवावे, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. केईएमच्या परिचारिकांनी तिला ठाम विरोध केला. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी अरुणाताईंना स्वहस्ते भरवले होते. दोन्ही पक्षांपुढे रुग्ण एकच होता आणि माया कोणाचीच खोटी नव्हती. ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळताना न्यायालयाने अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या सेवकवर्गाचा मानला. त्याच निकालाने कठोर अटींवर जीवरक्षक उपचार थांबविण्याची वाटही खुली केली. १८ मे २०१५ रोजी अरुणाताई निवर्तल्या.

न्यायालयाचे म्हणणे आम्हांला पटते. रोज घास भरविणाऱ्या हाताला जे कळते, ते अहवालात उतरत नाही. परंतु त्याच हाताला ‘आता पुरे’ म्हणणे हा आपल्या सेवेचा पराभव वाटू शकतो. दूरस्थाच्या करुणेतही ‘माझ्यावर ही वेळ आली तर?’ हे भय मिसळलेले असते. अरुणाताईंची स्वतःची इच्छा मात्र कोणीच विचारू शकत नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. जानेवारी २०२३ पासून ते दोन साक्षीदारांसमक्ष करून नोटरीकडूनही साक्षांकित करता येते.

आपल्याकडे असे पत्र घेऊन क्वचितच कोणी येतो. अतिदक्षता विभागाबाहेर येतो तो पुण्याहून रातोरात निघालेला मुलगा. ‘काहीही करा, पण वाचवा,’ असे तो म्हणतो. त्यात वडिलांजवळ नसल्याची खंतही असते. वर्षभर शुश्रूषा केलेली सून भिंतीशी उभी असते. तिला कोणी विचारीत नाही. तिच्या थकव्यालाही निर्णयात वजन असते, आणि ते तिला उघड बोलण्याची चोरी. अशा वेळी आमचे डॉक्टर दोघांनाही बसवून घेतात आणि विचारतात: धडधाकट असताना वडील अशा आजाराविषयी काय बोलत असत? बहुधा उत्तर सुनेकडून येते.