सीमा आणि सोयरीक

गेली वीस-बावीस वर्षे मी एका मराठी शाळेत इतिहास व भूगोल शिकवीत आहे. वर्गाच्या भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला आहे. मुले त्याच्याकडे परीक्षेपुरतेच पाहतात, असा माझा अनुभव. परंतु २०२२ च्या फेब्रुवारीअखेरीस मधल्या सुट्टीत एक मुलगा त्या नकाशासमोर एकटाच उभा असलेला मला दिसला. २४ तारखेला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले होते. त्याची थोरली बहीण खारकीव्ह येथे वैद्यकीय शिक्षण घेत होती. तो आपली वीत नकाशावर टेकवून अंतर मोजीत होता. खारकीव्ह अगदी पूर्वेला, रशियाच्या सरहद्दीजवळ. आणि सुटकेचा मार्ग पश्चिमेला, पोलंड, हंगेरी, रुमानियाच्या बाजूला. सबंध देश आडवा ओलांडायचा होता. त्याने मला विचारले, "सर, एवढं अंतर ती कशी जाईल?"

ती सुखरूप परतली. 'ऑपरेशन गंगा' या नावाने सरकारने जी विमाने पाठविली, त्यांतून हजारो मुलामुलींबरोबर तीही आली. पण त्या दिवशी मी वर्गात काय शिकविले ते मला आठवत नाही. त्या मुलाची वीत मात्र आठवते. जगाची बातमी आपल्या घरात शिरली, म्हणजे नकाशा निराळाच दिसू लागतो, हे त्याने मला शिकविले. आज या विषयावर मी जे बोलणार आहे, ते माझ्या घरचेच आहे.

आमचे कुटुंब बेळगावचे. घरी कोकणी, शाळेत मराठी, बाजारात मराठी-कानडी, आणि देवळात ज्या वेळी जी भाषा असेल ती, असा आमचा संसार. आजोबा कँप भागात शिवणकाम करीत. आजी गोव्याची, मडगावजवळच्या एका खेड्यातली. आम्ही नातवंडे तिला मांय म्हणत असू. तिचे लग्न झाले तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते. पण सोयरिकी जुळविणाऱ्या माणसांना त्याचे विशेष काही वाटत नसे. बेळगावहून लोंढा, लोंढ्याहून कॅसलरॉक, मग घाट उतरून कुळे आणि मडगाव, असा आगगाडीचा सरळ रस्ता होता. माहेर एका राजवटीत आणि सासर दुसऱ्या राजवटीत, तरी मुलगी गाडीत बसली की आईकडे पोहोचत होती.

१९५५ च्या १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. ते निःशस्त्र होते. पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळीबार केला आणि अनेकांनी प्राण गमावले. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली आणि आगगाडी थांबली. राष्ट्राच्या दृष्टीने त्या निर्णयामागे कारण होते, आणि ते मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी समजावून सांगतो. पण मांयच्या दृष्टीने एवढेच झाले की, आईकडे जाणारी गाडी बंद पडली. १९५७ साली तिची आई वारली. ती बातमी कुणा जाणाऱ्या-येणाऱ्याच्या तोंडून बेळगावला पोहोचली, तेव्हा महिना उलटून गेला होता. महिन्याची मिस्सा सुद्धा होऊन गेली होती.

मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. आजोबा म्हणत, "मी खुर्चीवरून उठलो नाही, यंत्राची सुई काढली नाही, आणि माझं राज्य बदललं." ते मराठीचे कट्टर अभिमानी. त्या विषयावर बोलू लागले की कापड बाजूला राहत असे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांची सत्ता दोन दिवसांच्या आत संपली. शेजाऱ्यांच्या रेडिओभोवती सारी गल्ली जमली होती. आजोबांनी पेढे आणविले. मांय दारात उभी होती. तिने एकच प्रश्न विचारला : "आता गाडी सुरू होईल का?"

लहानपणी ही गोष्ट ऐकताना आम्ही हसत असू. एवढी मोठी घटना, आणि हिला गाडीचे पडले आहे! आज मला तसे हसू येत नाही. राष्ट्राच्या इतिहासातला एक मोठा दिवस तिने आपल्या मापाने मोजला होता, आणि ते माप लहान नव्हते. आईच्या मातीवर दोन फुले वाहायला तिला चार वर्षे थांबावे लागले होते.

पुढे गाडी सुरू झाली, येणे-जाणेही सुरू झाले. पण घरात एक निराळीच सीमा उभी राहिली. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर 'फूल', केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे असेल तर 'दोन पाने', अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० आणि दोन पानांना १,७२,१९१ मते पडली. हे आकडे मी फळ्यावर लिहितो, तेव्हा मला त्यांत आमच्या घरातली दोन माणसे दिसतात. आजोबांना वाटे, गोवा महाराष्ट्रात यावा आणि त्यापाठोपाठ बेळगावही यावे. त्यांचे मेहुणे, म्हणजे मांयचे भाऊ, दोन पानांचे. कौलाआधी नाताळात दोघांची शब्दाशब्दी झाली. मेहुण्यांनी जेवणाचे ताट तसेच ठेवले आणि ते गाडीला निघून गेले.

दीड वर्ष त्या दोघांचे बोलणे नव्हते. पण घरचे येणे-जाणे थांबले नाही, कारण मांयने ते थांबू दिले नाही. ती शिकलेली नव्हती. माझ्या वडिलांकडून ती पत्रे लिहून घेई आणि शेवटी आपल्या मनाने एक ओळ घालायला लावी, "तुमच्या भावोजींनी सलाम सांगितला आहे." आजोबांनी सलाम सांगितलेला नसे. तिकडून उत्तर येई, त्यातही तसाच सलाम असे. तो वहिनीने घातलेला असावा. असे दोन्हीकडचे न सांगितलेले सलाम पोहोचत राहिले. पुढे एका बारशाला, म्हणजे आमच्याकडच्या बाप्तिस्म्याला, दोघे पुरुष समोरासमोर आले. तोवर अबोला धरण्यासारखे काही उरलेच नव्हते. आपली मते दोघांनीही शेवटपर्यंत सोडली नाहीत. फुलाचे फूल राहिले, पानांची पाने राहिली. सोयरीक मात्र टिकली.

आता माझ्या पिढीकडे येतो. गोव्याच्या त्या मामांचा मुलगा हा माझ्या वडिलांचा मामेभाऊ. मी त्यांना काका म्हणत असे. १९६१ साली ते नऊ वर्षांचे होते. रस्त्याने जाणाऱ्या भारतीय जवानांना त्यांनी शहाळी दिली होती, आणि हे ते आयुष्यभर अभिमानाने सांगत. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढील पिढ्यांना पोर्तुगालच्या कायद्याने तेथील नागरिकत्व नोंदविता येते. त्या आधारे हजारो गोवेकर युरोपात, विशेषतः इंग्लंडात, पोटापाण्यासाठी गेले. आपल्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणारा भारताचा नागरिक राहत नाही. माझ्या या भावाने तो मार्ग पत्करला. त्याच्यावर कर्ज होते, दोन मुले होती. काका म्हणाले, "ज्यांना आम्ही घालवलं, त्यांचा कागद तू खिशात घातलास." मुलगा म्हणाला, "कागदावर तुमची सून स्वयंपाक करू शकत नाही." त्या दिवसापासून पितापुत्रांचा अबोला.

काकी मला फोनवर म्हणत, "बाबा, तू मास्तर आहेस. तुझं दोघंही ऐकतील. एकदा मध्ये पड." मी म्हणे, "बघतो, मे महिन्याच्या सुट्टीत येतो." एक सुट्टी गेली, दुसरी गेली. २०२० च्या मार्चमध्ये साथ आली. १३ तारखेपासून परदेशी नागरिकांच्या प्रवेशावर निर्बंध आले, मग विमाने थांबली, आणि २५ तारखेपासून सारा देशच बंद झाला. एप्रिलमध्ये काका हृदयविकाराने गेले. मुलाने बापाचे शेवटचे दर्शन फोनच्या काचेतून घेतले. मी बेळगावात होतो, शंभर-सव्वाशे मैलांच्या आत. मलाही जाता आले नाही.

मांयची आई १९५७ साली गेली, तेव्हा सीमा बंद होती. काका २०२० साली गेले, तेव्हाही सीमा बंद होती. पण या दोहोंत एक फरक आहे, आणि तो मला रात्री झोपू देत नाही. मांयच्या आणि तिच्या आईच्या मध्ये केवळ सरकारे उभी होती. काकांच्या आणि त्यांच्या मुलाच्या मध्ये, सीमा बंद होण्याच्या कितीतरी आधीपासून, अबोला उभा होता. तो मोडणे माझ्या हाती होते. खोटा का होईना, एक सलाम मला पोहोचविता आला असता. जिला लिहिता येत नव्हते तिने तो पोहोचविला, आणि मी, लिहिणारा-वाचणारा, सुट्टीची वाट पाहत राहिलो.

श्रोते हो, देशाचे आणि जगाचे प्रश्न घरात बोलू नयेत, असे मी म्हणणार नाही. ते बोललेच पाहिजेत. घराबाहेर ज्यांना मत आहे, त्यांना घरातही ते असणारच. सीमा केव्हा बंद व्हावी आणि विमान केव्हा उडावे, हे आपल्याला विचारून ठरत नाही. मात्र ती बंद होईल त्या दिवशी आपले कोणाशी बोलणे तुटलेले असावे, हे आपणच आधी ठरवून बसलेले असतो.

तो माझा भाऊ २०२२ च्या नाताळात आला. बापाच्या मातीवर त्याने फुले ठेवली. मी शेजारी उभा होतो. त्याने विचारले, "पप्पा माझ्याबद्दल कधी काही बोलले होते का?"

आम्हा दोघांत तेवढे अंतर नको होते, म्हणून मी खरे ते सांगितले. काका मला प्रत्येक वेळी फोनवर विचारीत, "तिकडे थंडी फार असते का रे?" कोणाकडे, ते ते सांगत नसत. मीही कधी विचारले नाही.

माझ्या हातून हा सलाम पोहोचला तो असा, अडीच वर्षे उशिरा. आपल्यापैकी कोणाकडे असा एखादा सलाम पडून असेल, तर तो आज रात्रीच पोहोचवावा, एवढीच माझी विनंती आहे.