शिकायला जाणे आणि राहायला मिळणे

(वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व माजी विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मला दिलेला विषय चुडाव्यासारख्या गावाला जरा मोठा वाटेल. परदेशात पदवी घेतलेल्या मुलाला तिथे कायमचे राहण्याचा परवाना कसा मिळतो, हा तो विषय. पण हल्ली तो आपल्या ओसरीवर येऊन बसला आहे. पूर्वी आपल्याकडचा माणूस बाहेर जायचा म्हणजे सौदीला, दुबईला नाहीतर कुवेतला. ड्रायव्हर, वेल्डर, गवंडी म्हणून जायचा, घरी पैसे पाठवायचा आणि करार संपला की परतायचा. तिथला इकामा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की मुक्काम हलला. त्यामुळे तिथलेच होऊन राहण्याचा विचार कोणी करीत नसे. आता मुले कॅनडा, जर्मनी, अमेरिका ही नावे घेतात, आणि फी भरताना पालक मनात कायम वास्तव्याचा हिशेब धरतात. हा हिशेब कुठे चुकतो ते मला सांगायचे आहे, कारण ती चूक एकदा माझ्याही हातून झाली आहे.

आपल्या मराठवाड्याला परिचित असलेल्या एका घराचे उदाहरण घेतो. डॉ. रफिक झकेरिया लंडन विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन मायदेशी परतले. राज्याचे मंत्री झाले, आणि 1963 साली औरंगाबादला त्यांनी मौलाना आझाद महाविद्यालय उभे केले. आपल्या भागातील किती घरांत पहिला पदवीधर त्या महाविद्यालयाने दिला असेल, त्याची गणती नाही. त्यांचे चिरंजीव फरीद झकेरिया येल विद्यापीठात शिकले, हार्वर्डची डॉक्टरेट त्यांनी घेतली, तिथेच राहिले, अमेरिकेचे नागरिक झाले आणि पत्रकार म्हणून जगभर नावाजले. एकाच घरात एक परतला, एक राहिला. परतलेला मोठा आणि राहिलेला लहान असे मी म्हणणार नाही. पण त्या दोघांना मागे भक्कम घर होते. आपला मुलगा मात्र कर्जाचे ओझे घेऊन विमानात बसतो. त्याला राहू दिले नाही तर तो फेडणार कशातून?

आता माझ्या चुकीकडे येतो. 2023 साली माझा एक माजी विद्यार्थी कॅनडाला गेला. वडिलांनी गावालगतची दीड एकर जमीन विकली, उरलेल्यासाठी कर्ज काढले. एका एजंटाने सांगितले होते, "दोन वर्षे शिका, मग पक्के व्हा." शिफारसपत्र मी लिहिले. मोठ्या अभिमानाने लिहिले. महाविद्यालयाचे नाव वाचले, शहराचे नाव वाचले; शिक्षणानंतर कामाचा परवाना मिळतो की नाही, एवढे मात्र विचारले नाही. ते खाजगी महाविद्यालय होते. शिकण्याचा परवाना मिळाला, परंतु तिथल्या पदविकेवर पुढचा कामाचा परवाना मिळत नव्हता. मुलगा 2025 मध्ये परत आला. आज पुण्यात एका गोदामात हिशेब लिहितो. त्याचे वडील रस्त्यात भेटले की पूर्वीसारखाच सलाम करतात. मलाच नजर वर करवत नाही.

तेव्हापासून मी हे नियम बसून वाचले. कॅनडात शिकण्याचा परवाना हे पहिले दार, शिक्षणानंतरचा कामाचा परवाना दुसरे आणि कायम वास्तव्य तिसरे. एक उघडले म्हणून पुढचे आपोआप उघडत नाही. कामाचा परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा आणि जन्मात एकदाच मिळतो. नोव्हेंबर 2024 पासून त्यासाठी भाषेची परीक्षा आली, आणि पदविकांना ठराविक विषयांची यादी लागली. त्या परवान्यावर निदान एक वर्ष कुशल काम करावे लागते. दुकानात गल्ल्यावर बसणे किंवा माल उचलणे यात धरत नाहीत. पूर्ण वेळ शिकत असताना केलेली नोकरीही धरत नाहीत, मग मुलाने कितीही रात्री जागवलेल्या असोत. त्यानंतर 2015 पासून चालू असलेल्या एक्स्प्रेस एंट्री पद्धतीत गुण मोजले जातात. वयाचे पूर्ण गुण 20 ते 29 वर्षांपर्यंत, पुढे ते उतरत जातात. (माझे तर केव्हाच उतरणीला लागले आहेत!) नोकरीच्या पत्राला पूर्वी 50 ते 200 गुण असत; ते 25 मार्च 2025 पासून रद्द झाले. तेव्हा "पत्र मिळवून देतो, गुण वाढतील" असे म्हणून आज कोणी पैसे मागत असेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

आणि कागद खरा आहे की नाही, हेही पाहावे लागते. जालंधरच्या एका एजंटाने दिलेली प्रवेशपत्रे बनावट निघाली आणि 2023 मध्ये अनेक भारतीय मुलांवर कॅनडातून परत पाठवले जाण्याची पाळी आली. त्यांतील काहींना हे कळले ते कायम वास्तव्याचा अर्ज केल्यावर. म्हणजे शिकून, नोकरीला लागून, सर्व झाल्यावर.

अमेरिकेत नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार ग्रीन कार्डे असतात. त्यात बायकामुलेही मोजतात, आणि एका देशात जन्मलेल्यांना साधारण 7 टक्क्यांची मर्यादा असते. भारतात जन्मलेल्यांची रांग म्हणून दहा-दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. आईबाप रांगेत असताना मूल 21 वर्षांचे झाले, तर ते बहुधा त्या रांगेतून बाहेर पडते. ही गोष्ट तिकडून फोनवर कोणी सांगत नाही.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. पदवीनंतर काम शोधायला 18 महिने मिळतात, आणि पदवीला साजेशी नोकरी दोन वर्षे केली, तर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. पण त्यासाठी जर्मन भाषा यावी लागते. तयारी करायची तर ती इथे, अकरावीपासूनच करावी.

पैशांविषयी एकच सांगतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कर्जावरील व्याजाला मदत देणारी केंद्र सरकारची 'पढो परदेश' योजना 2022-23 पासून बंद झाली आहे. तिचे फॉर्म अजून कोणी विकत असेल तर घेऊ नका.

मुलांना अडवा असे माझे म्हणणे नाही. त्या मुलाचा धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे आणि त्यालाही जायचे आहे. परवा तो एक माहितीपुस्तक घेऊन माझ्याकडे आला. आम्ही ते शेवटच्या पानापासून वाचायला घेतले, कारण परवान्याच्या अटी तिथे बारीक अक्षरात छापलेल्या असतात. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता शाळेत यावे. फक्त पैसे भरण्याच्या आधी यावे.