मतदारांवांचून प्रतिनिधि

लोकांनीं मतें देऊन निवडलेला तो प्रतिनिधि, अशी आपली साधी समजूत असते. परंतु ज्यांना मतच नाहीं, त्यांची बाजू कोणीं मांडावी? १९१९ च्या सुधारणांनीं जें मध्यवर्ती कायदेमंडळ आलें, त्याचा मताधिकार मिळकतीवर व करावर बेतलेला होता. गिरणींत राबणारा मजूर त्यांत बसत नव्हता. त्याच्या वतीनें सरकारच एक सभासद नेमी. १९२१ पासून १९४७ पर्यंत ते सभासद होते कै. नारायण मल्हार जोशी.

जोशी कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवचे. जन्म १८७९ चा. कांहीं वर्षें शिक्षकी करून ते १९०९ सालीं नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजांत शिरले. १९११ त त्यांनीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग काढली. १९२० सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांतहि ते होते.

असेंब्लींत सुमारें दीडशें सभासदांत त्यांचें मत एक. तेव्हां एकच मुद्दा चिकाटीनें पुन्हा पुन्हा मांडणें, हाच त्यांचा मार्ग ठरला. १९२० सालीं मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या मालकांनीं मजूरसंघाचे पुढारी बी. पी. वाडिया यांजवर फिर्याद केली व हायकोर्टानें मनाईहुकूम दिला. मजुरांस संप करा म्हणून सांगणें हा करारभंगास चिथावणी देण्याचा अपराध ठरूं लागला, तर संघ चालवावा कसा? जोशांनीं १९२१ त संघांना कायद्याचें संरक्षण मागणारा ठराव आणला. तो संमत झाला; कायदा होण्यास मात्र १९२६ उजाडलें.

सरकारनें दिलेल्या जागेवर बसून मजुरांचें हित साधतें काय, हा आक्षेप त्यांच्या हयातींतच निघाला. १९२९ सालीं नागपूरच्या अधिवेशनांत ट्रेड युनियन काँग्रेसनें व्हिटले कमिशनवर बहिष्कार घातला. जोशी त्या कमिशनचे सभासद. आपल्या हातानें उभारलेली संस्था सोडून ते बाहेर पडले. पुढें दुही मिटली आणि १९४० त त्याच संस्थेचें चिटणीसपद पुन्हा त्यांजकडे आलें.

जागा कोणीं दिली हें जसें पाहावें, तसें तेथें बसून कोणाचें काम झालें हेंहि पाहावें. बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा १९२२ च्या कायद्यानें ६० तासांवर आला, १९३४ त ५४ व १९४६ त ४८ तासांवर. संपांचा रेटा आणि जिनीव्हाच्या मजूर परिषदांचा दाब यांचाहि त्यांत वाटा होता. पण सभागृहांत तो दाब बोलून दाखवणारा माणूस लागतोच.

१९२४ सालीं त्यांनीं मजूर स्त्रियांस बाळंतपणांत मदत मिळावी म्हणून बिल आणलें. तें फेटाळलें गेलें. मुंबई इलाख्यानें तसा कायदा १९२९ त केला. सबंध देशासाठीं तो १९६१ सालीं झाला. जोशी १९५५ तच निवर्तले होते.