गोधड्यांच्या खोलीत भुलाबाई

आम्ही खापरखेड्याहून बोलतोय. आमच्या गटाने गेल्या वर्षी भुलाबाईची गाणी घरातच रेकॉर्ड केली, त्याची ही हकीकत.

भुलाबाई भादव्याच्या पुनवेला बसते आणि कोजागिरीला उठते, म्हणजे हातात महिनाच. त्यात आमचं गाव विजेचं. १३४० मेगावॉटचं केंद्र शेजारी, कोळशाच्या गाड्या रात्रंदिवस. इथं शांतता शोधायची कुठं? शेवटी एकीच्या घरची धान्याची खोली निवडली. भिंतीला पोती लागलेली, वरून दोरीवर गोधड्या टांगल्या. रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून घुमतो. पोती आणि गोधड्या तो घुमारा खाऊन टाकतात. बाहेरची घरघर मात्र गोधडी अडवत नाही. म्हणून मालगाडी आली की गाणं थांबवायचं आणि ती गेली की पुन्हा पहिल्यापासून. पंखा बंद, फ्रीजचं बटणही बंद. पहिल्याच रात्री फ्रीज सुरू करायला विसरलो आणि दूध नासलं, तो भाग वेगळा.

यंत्र म्हणाल तर दोन मोबाइल. एक गाणं सांगणाऱ्या आजीसमोर दीड वीत अंतरावर, तोंडाच्या थोडा बाजूला, म्हणजे श्वासाचा फुसकारा बसत नाही. दुसरा, मागून म्हणणाऱ्या बायांसमोर. टिपऱ्या सगळ्यांत मागे, कारण त्यांचा टणत्कार सगळ्यांना झाकून टाकतो. दोन्ही फोन सुरू झाले की एक जोराची टाळी. नंतर संगणकावर दोन्हीकडची टाळी एकाखाली एक लावली की गाणं जुळतं. ही टाळी प्रत्येक गाण्याला नव्याने हवी, कारण दोन फोन हळूहळू मागेपुढे होतात. आवाजाची पट्टी लाल झाली तर आजीला नाही, फोनला मागे सरकवायचं. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

जोडकामासाठी ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापला की गाडीची घरघर बरीच जाते. बाईचा आवाज त्याहून वर असतो, त्याला धक्का लागत नाही.

पण हे आम्ही नंतर शिकलो. पहिल्या खेपेला सगळी गाणी लग्नाच्या बँडची कामं करणाऱ्या एका पोराकडे दिली. त्यानं मन लावून काम केलं. कीबोर्ड टाकला, ढोलक टाकली, आजीचा आवाज यंत्रानं सुरात बसवला. आजी हेडफोन लावून ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘‘हे कोन गाते वं?’’

आमच्यात दोन तट पडले. तरण्या पोरींना ते आवडलं होतं, खोटं कशाला बोला. पण आजीच्या आवाजातली ती ओढ, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, यंत्रानं चूक समजून पुसून टाकलं होतं. ज्या बाईचं गाणं तिलाच ते ओळखू येईना, मग ते कोणाचं? आजी म्हणाली, पुन्हा गाते.

खरी पंचाईत पुढे आली. फोन भरला म्हणून आम्ही तीन गाण्यांची मूळ रेकॉर्डिंग पुसली होती, त्या पोराकडेही ती उरली नव्हती. म्हणून सांगतो, मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये दोन ठिकाणी ठेवा, व्हॉट्सअॅपला एमपी३ पाठवा.

आणखी एक. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाहून जास्त. तिथं ओवीपाशी ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव आहे. तेव्हापासून आम्हीही गाण्याआधी नाव, गाव आणि ‘रेडिओवर लावायला माझी हरकत नाही’ एवढं बाईच्याच तोंडून घेतो.

आजीनं दोन गाणी पुन्हा पूर्ण गायली. तिसऱ्यात सुनेला माहेरी जायचं असतं आणि सासू एकेक काम पुढे करते. कारल्याच्या वेलाचं तुम्हाला ठाऊक असेल, आजीचं कापसाचं आहे. सरकी पेरण्यापासून सूत कातेपर्यंत. मधली दोन कामं तिला आठवेनात. आम्ही ते तसंच ठेवलंय, आता तुम्हाला ऐकवतो. तुमच्या गावात कोणाला कापसाचं गाणं पुरतं येत असेल, तर त्या बाईपाशी बसा आणि आधी टाळी वाजवा.